‘स्मित’ म्हणजे नक्की किती हसायचं, आणि त्याचा मिरामारशी काय संबंध?

व्हॉट्सअ‍ॅपवर ते एक साधं पिवळं तोंड असतं ना, ओठ मिटलेले, कडा जराशा वर, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, त्याच्यावरून हल्ली घराघरात वाद आहे. चाळिशीच्या पुढची माणसं ते ‘बरं’, ‘छान’, ‘पोचलं’ अशा अर्थाने पाठवतात आणि कॉलेजात जाणारी पोरं म्हणतात की हा सरळ टोमणा आहे, असं तोंड आलं म्हणजे समोरचा आतून तापलाय आणि वरून गोड बोलतोय. इमोजींची जी जगभरची यादी असते, युनिकोडची, तिच्यात हे तोंड २०१४ मध्ये आलं आणि तिथे त्याच्या नावाचा अर्थ एवढाच की ‘किंचित हसणारा चेहरा’. टोमण्याचा तिथे उल्लेखसुद्धा नाही.

आता ह्या चेहऱ्याला मराठीत काय म्हणाल? ‘हसणं’ म्हणाल तर जत्रेच्या नाटकात विनोदी पार्टवाला स्टेजवर आला की मांडवात जे होतं तेसुद्धा हसणंच. नेमका शब्द आहे आपल्याकडे, स्मित, पण तो पुस्तकातला. गोव्यात लग्नाचा फोटोग्राफर नवऱ्याला कोकणीत सांगतो ‘बाब, मात्शें हांस’ (जरासं हस), नाहीतर सरळ ‘स्मायल’. ‘किंचित स्मित करा’ म्हणाला तर नवऱ्याला वाटेल आपलं सूत्रसंचालन चाललंय. तर हा शब्द आला कुठून, त्यात हसणं नक्की किती, आणि इंग्रजी ‘स्माईल’शी तो एवढा मिळताजुळता कसा, हे जरा बघू. वाटेत गोव्यातलं म्हापसा आणि पणजीचा मिरामार किनारा दोन्ही लागतात, खरंच लागतात, ओढूनताणून नाही.

मूळ कुठलं

संस्कृतात शब्द ज्याच्यापासून बनतात त्या मूळ तुकड्याला धातू म्हणतात, एवढं एक शाळेतलं लक्षात ठेवा. इथे धातू आहे ‘स्मि’. पाणिनीच्या परंपरेतली धातूंची यादी, धातुपाठ, तिच्यात ह्याचा अर्थ दिलाय ‘ईषद्धसने’, म्हणजे ईषत् हसणे, थोडंसं हसणे. म्हणजे बघा, अडीच हजार वर्षांच्या आसपास जुन्या परंपरेत ‘थोडंसं’ हे मापसुद्धा शब्दातच होतं. मोठ्याने हसायला वेगळा धातू, ‘हस्’, आणि आपलं हसणं, हसू, हास्य, हशा, कोकणीतलं हांसप, हांसो, हे सगळं त्या दुसऱ्या धातूचं गोत.

‘स्मि’पासून स्मित झालं, सस्मित झालं, स्मेर झालं (हा शब्द आता फक्त संस्कृत कवितेत भेटतो), आणि विस्मय झाला. हो, आश्चर्य या अर्थाचा विस्मय. हे नातं डोक्यात ठेवा, पुढे सगळी गंमत त्याच्यावरच आहे. आणखी एक, संस्कृतात उमललेल्या फुलालाही स्मित म्हणतात. म्हणजे मूळ कल्पना ‘ओठ ताणणे’ अशी नसावी, मिटलेलं काहीतरी उघडणे, खुलणे, अशी असावी असं मला तरी वाटतं.

मग हा शब्द आपल्या बोलण्यात का नाही? कारण तो तत्सम आहे, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला. तोंडातून तोंडात आलेले शब्द झिजतात, ‘हस्त’चा हात होतो, ‘कर्ण’चा कान होतो. स्मितसुद्धा झिजला होता, पाली भाषेत तो ‘सित’ आणि ‘मिहित’ अशा दोन रूपांत भेटतो, बौद्ध ग्रंथांत बुद्ध मंद हसले असं सांगायचं तिथे ‘सित’ हाच शब्द येतो. पण ती झिजलेली रूपं मराठीत काही पोचली नाहीत. मग पंडितांनी मूळ कोरा शब्द परत आणला आणि तो अजून कोराच आहे, वापरून मऊ झालेला नाही, म्हणून बोलताना टोचतो.

दात दिसले की संपलं

स्मित म्हणजे किती, ह्याचं सगळ्यात बारीक उत्तर नाट्यशास्त्रात आहे. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा हा ग्रंथ, भरतमुनींच्या नावावर, आणि नटाने काय कसं करावं ह्याचं त्यात इतकं तपशीलवार लिहिलंय की वाचताना दम लागतो. त्याच्या सहाव्या अध्यायात हसण्याचे सहा प्रकार दिलेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित.

स्मिताची व्याख्या अशी: गाल किंचित फुललेले, नजर नीटस, आणि ‘अलक्षितद्विजं’. द्विज म्हणजे इथे ब्राह्मण नव्हे, दात. दोनदा जन्मतात, एकदा दुधाचे, एकदा कायमचे, म्हणून द्विज. तर दात दिसता कामा नयेत. तोंड आणि डोळे आणखी खुलले, दात थोडे दिसले की ते झालं हसित. गोड आवाज फुटला की विहसित. नाकपुड्या फुगल्या, मान-खांदे खाली गेले की उपहसित. भलत्या वेळी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, खांदे-डोकं गदगदा हलवत हसलं तर अपहसित. आणि दोन्ही हातांनी बरगड्या धरून, ओरडून ओरडून हसलं की अतिहसित, आमच्याकडे जत्रेच्या रात्री दोन वाजता तिसऱ्या अंकाला जे होतं ते.

ह्यात भरतमुनींनी एक वर्गवारीही लावून दिलीय, पहिले दोन उत्तम माणसांचे, मधले दोन मध्यम माणसांचे, शेवटचे दोन अधमांचे. म्हणजे राजा स्मित करणार आणि नोकर बरगड्या धरणार. हे काही मला पटत नाही, पण नटाला सोय म्हणून बघितलं तर कळतं, पात्र स्टेजवर आल्याआल्या त्याच्या हसण्यावरून त्याची पायरी प्रेक्षकाला कळावी एवढा हिशोब.

महत्त्वाचं काय तर ह्या व्याख्येत ओठांबद्दल थेट काहीच नाही. गाल आहेत, नजर आहे, दात न दिसणं आहे. स्मित हे गाल आणि डोळ्यांचं काम आहे असं भरतमुनी म्हणतात. ह्याच्याकडे परत येऊ.

‘स्माईल’ आणि ‘स्मित’: कोणी कोणाचं उचललं?

कोणीच नाही. इंग्रजांनी इथून शब्द नेला नाही आणि आपण तिथून आणला नाही. इंग्रजीत स्माईल हा शब्द साधारण १३०० च्या आसपास दिसायला लागतो, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी स्थापन व्हायच्या तीनशे वर्षं आधी, आणि तोसुद्धा त्यांच्याकडे बहुतेक उत्तरेकडून, डेन्मार्क-नॉर्वेच्या माणसांकडून आला. डॅनिशमध्ये आजही शब्दाचं स्पेलिंग हुबेहूब तेच आहे.

मग सारखेपणा कसला? तर दोन्ही शब्द एका तिसऱ्या, फार जुन्या भाषेतून आले. भाषाशास्त्रज्ञ तिला आद्य भारत-युरोपीय भाषा म्हणतात, मी इथे नुसतं ‘मूळ भाषा’ म्हणतो. पाच-सहा हजार वर्षांपूर्वी बोलली जायची, लिहिलेली एक ओळही मिळालेली नाही, तिच्या लेकी-नातींची तुलना करून ती मागे मागे जाऊन जुळवलेली आहे. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी, रशियन, इंग्रजी, मराठी, पोर्तुगीज, सगळ्या ह्या घरच्या. आणि हसण्याच्या त्या धातूचं जुळवलेलं रूप साधारण ‘स्मेइ’ असं आहे. रशियनमध्ये ‘स्मेख’ म्हणजे हसणं, तोही ह्यातलाच.

आणि हे नातं आधी कोणाच्या लक्षात आलं? पुस्तकांत लिहिलेलं असतं की विल्यम जोन्स, कलकत्त्यातला इंग्रज न्यायाधीश, १७८६ मधलं त्याचं भाषण. बरोबर आहे, जोन्सच्या त्या भाषणानंतर विषयाला जोर आला. पण त्याच्या दोनशे वर्षं आधी गोव्यात वावरलेल्या दोन माणसांनी हे लिहून ठेवलं होतं. एक थॉमस स्टीफन्स, तोच ख्रिस्तपुराणवाला, इंग्लंडमधून १५७९ मध्ये गोव्यात आलेला जेझुइट पाद्री, ज्याचं मराठी वाचून अजून आपण चकित होतो. त्याने १५८३ मध्ये आपल्या भावाला पत्र लिहिलं त्यात म्हटलं की इथल्या भाषांची रचना ग्रीक-लॅटिनसारखी आहे. दुसरा फिलिप्पो सासेत्ती, फ्लॉरेन्सचा व्यापारी, त्याने दोनच वर्षांनी पत्रात इटालियन आणि संस्कृत शब्दांच्या जोड्याच दिल्या, सात, आठ, नऊ, देव, साप. हा सासेत्ती १५८८ मध्ये गोव्यातच वारला. ही पत्रं तेव्हा कोणी छापली नाहीत म्हणून श्रेय कलकत्त्याला गेलं, नाहीतर भाषाशास्त्राच्या पुस्तकात पहिल्या पानावर गोवा असता, असो.

ज्यांच्या घरात कोणी जुनं पोर्तुगीज शाळेत शिकलेलं आहे त्यांनी आकडे म्हणायला सांगा. सेत, ओइतु, नोव. सप्त, अष्ट, नव. सासेत्तीला दिसलं ते तुम्हालाही दिसेल.

‘स’ गेला कुठे

आता मुद्दा जरा खोल जातो, पण सोडू नका.

गोव्यात दोन घरं एका मूळपुरुषाची आहेत की नाहीत हे आडनावावरून कळत नाही, आडनावं बदलली, गावं बदलली, एक घर साष्टीतून फोंड्यात गेलं, दुसरं कारवारला, तिसरं मंगळूरला. कळतं कुलदैवतावरून. मंगेश १५६० मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, पण महाजनांची घरं कुठेही असली तरी धागा तिथे सापडतो. शब्दांचंही असंच. वरवर सारखे दिसले म्हणून नातं ठरत नाही, वेगळे दिसले म्हणून तुटत नाही. ठरतं कशावरून, तर आवाज कसा बदलला त्याचा नियम पुन्हा पुन्हा लागू पडतो का ह्यावरून.

लॅटिनचा एक नियम असा: शब्दाच्या सुरुवातीला ‘स’ आणि लगेच ‘न’ किंवा ‘म’ आला तर ‘स’ गळून पडतो. लॅटिनची लेक पोर्तुगीज, तेव्हा ती गळती पोर्तुगीजमध्येही दिसते. संस्कृत ‘स्ना’, म्हणजे अंघोळ करणे, त्यावरून आपलं स्नान, आणि पोर्तुगीजमध्ये पोहण्याला ‘नादार’. संस्कृत ‘स्नुषा’, तिची मराठीत झाली सून, आणि पोर्तुगीजमध्ये सुनेला म्हणतात ‘नोरा’. इंग्रजीत बर्फाला ‘स्नो’, पोर्तुगीजमध्ये ‘नेव्ह’. तीन ठिकाणी एकच प्रकार, ‘स’ गेला आणि बाकीचा शब्द राहिला. एकदा झालं तर योगायोग म्हणा, पुन्हा पुन्हा तसंच झालं तर नियम.

मग ‘स्मि’चं लॅटिनमध्ये काय होणार? ‘स’ उडणार, ‘मि’ राहणार. आणि राहिलंय तसंच: लॅटिन ‘मिरुस’, म्हणजे आश्चर्यकारक. त्यावरून ‘मिरारी’, आश्चर्य वाटणे. त्यावरून ‘मिराकुलुम’, आश्चर्याची गोष्ट, चमत्कार. इंग्रजीतला मिरॅकल तो हाच. आणि पोर्तुगीजमध्ये ह्याचाच झाला ‘मिलाग्रे’, त्यात र आणि ल ह्यांची अदलाबदल झाली, आपण नुकसानचं ‘नुसकान’ करतो तशी.

मिलाग्रे म्हटल्यावर गोव्यात कोणाला काही सांगायला नको. म्हापशाच्या सां जेरोम चर्चमधली मिलाग्र सायबीण (सायबीण म्हणजे मदर मेरी), ईस्टरनंतर साधारण दोन आठवड्यांनी तिचं फेस्त, आणि त्या दिवशी तेल घेऊन रांगेत हिंदू किती आणि ख्रिश्चन किती हे ओळखायला जाऊ नये. शिरगावच्या लईराई देवीची ती बहीण असं मानतात. तर ‘चमत्कारांची सायबीण’ ह्या नावातला ‘मि’ आणि ‘स्मित’मधला ‘मि’ एकच आहे. आणि आपल्याकडे विस्मय म्हणजे आश्चर्य, तिकडे मिरुस म्हणजे आश्चर्य. एकाच धातूने दोन्हीकडे हसण्यातून आश्चर्याकडे तोंड वळवलं.

मिरामारचं तर आणखी सोपं. लॅटिनमध्ये ‘आश्चर्याने बघणे’ असं जे होतं ते स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये येईपर्यंत नुसतं ‘बघणे’ झालं, मिरार. मार म्हणजे समुद्र. मिरा-मार, समुद्र बघण्याची जागा. पणजीची जुनी माणसं त्या किनाऱ्याला गास्पार दियास म्हणायची, मिरामार हे नाव मागाहून रुळलं. इंग्रजीतले मिरर, अ‍ॅडमायर, आणि पोरांच्या सुपरहिरोवाल्या कंपनीचं नाव मार्व्हल, हेसुद्धा ह्याच घरचे. रविवारी संध्याकाळी मिरामारला भेळ खात सूर्यास्ताचे फोटो काढणाऱ्यांपैकी कोणाला हे सांगून बघा, तो काय चेहरा करतो ते नाट्यशास्त्रात आहे.

हे सगळं योगायोग नसेल कशावरून?

शंका रास्त आहे, कारण असले योगायोग खरंच होतात. ‘बदनाम’मधला बद फारसीतून आला, अर्थ वाईट. इंग्रजीत बॅड, अर्थ वाईट. उच्चारही जवळजवळ तोच. आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. हे उदाहरण भाषाशास्त्राच्या वर्गात मुद्दाम देतात, दिसण्यावर भुलू नका म्हणून. आपल्या गोष्टीतही असा एक खड्डा आहे. म्हापशाच्या सायबिणीचं लोककथेतलं नाव मिराबाई, आणि लॅटिन मिरुस, तेव्हा एखाद्याला वाटेल जुळलं. नुसत्या मि-रा वरून तसं जोडू नका, दोन अक्षरं कुठेही जुळतात.

‘स्मि’ आणि ‘मिरुस’मध्ये दिसणं कमी आणि नियम जास्त आहे म्हणून ते टिकतं. संस्कृत ‘स्मेर’ आणि लॅटिन ‘मिरुस’ तर बांधणीनेही एक, धातू तोच, पुढे लागलेला ‘र’ही तोच. शिवाय ग्रीक भाषा साक्षीला आहे. तिकडेही ‘स्म’मधला ‘स’ गेला, हसण्याला त्यांचा शब्द ‘मेइदाओ’. पण होमरच्या काव्यात आफ्रोदिती देवीला एक विशेषण लावलंय, ‘फिलोम्मेइदेस’, हसण्याची आवड असलेली, आणि त्यात ‘म’ दुहेरी आहे. दुहेरी का? कारण तिथे आधी ‘स्म’ होता, ‘स’ गेला आणि जाताना ‘म’ला जड करून गेला.

म्हणजे सगळ्या भाषा संस्कृतातूनच निघाल्या ना?

हा फॉरवर्ड मलाही दर महिन्याला येतो. उत्तर, नाही. संस्कृत ही ह्या घरातल्या थोरल्यांपैकी एक आणि फार नीट सांभाळून ठेवलेली बहीण आहे, आई नाही. कारण काही जुन्या गोष्टी संस्कृतात हरवल्या आणि बाकीच्यांकडे राहिल्या. मूळ भाषेत ऱ्हस्व अ, ए, ओ असे तीन वेगळे स्वर होते, संस्कृतात तिन्हींचा ‘अ’ झाला. संस्कृत ‘अस्ति’, ग्रीक ‘एस्ति’, लॅटिन ‘एस्त’, इथे जुना ‘ए’ त्यांच्याकडे आहे, आपल्याकडे नाही. संस्कृतातून ते निघाले असते तर नसलेला ‘ए’ त्यांना मिळाला कुठून?

ती मूळ भाषा बोलणारे लोक कुठे राहायचे ह्यावर लगेच कोणीतरी बाह्या सरसावतं. बहुतेक अभ्यासक काळ्या समुद्राच्या उत्तरेचा गवताळ भाग सांगतात, काहीजण दुसरं काही सांगतात, पण तो वाद वेगळा आहे. घर कुठे होतं ह्यावर भांडता येतं, भावंडं होती ह्यावर नाही.

अस्मितेचं स्मिताशी काही नातं?

हा प्रश्न हमखास येतो. स्मिता म्हणजे हसरी, मग अस्मिता म्हणजे न हसणारी? अजिबात नाही. अस्मिता तुटते ‘अस्मि’ + ‘ता’ अशी. अस्मि म्हणजे ‘मी आहे’, त्यावरून मी-आहे-पणा. धातूच वेगळा. तसंच स्मरण, स्मृती, विस्मरण ह्यांचा धातू ‘स्मृ’, तोही वेगळा, विस्मय आणि विस्मृती शेजारी शेजारी दिसतात एवढंच.

आता गोव्यात अस्मिता शब्दाला वेगळंच वजन आहे. १६ जानेवारी १९६७ ला ओपिनियन पोल झाला, महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं, गोवा वेगळा राहिला, आणि तो दिवस आता ‘अस्मिताय दीस’ म्हणून पाळतात. त्यावर मराठीवाले आणि कोंकणीवाले अजून एकमेकांकडे कसे बघतात ते इथे काढत नाही. गंमत एवढीच की पतंजलीच्या योगसूत्रांत अस्मिता हा पाच क्लेशांपैकी एक आहे, अविद्येच्या लगेच पुढचा. दोन्ही बाजूंनी घरी जाऊन निवांत विचार करायला हरकत नाही.

हसू आणि आश्चर्य एका धातूत कसे?

मला वाटतं उत्तर चेहऱ्यातच आहे. आश्चर्य वाटलं की डोळे मोठे होतात, चेहरा सैल सुटतो, खुलतो. मनापासून हसू आलं की गाल वर जातात, डोळ्यांत काहीतरी होतं, तिथेही चेहरा खुलतो. फुलालाही स्मित म्हणायचे हे आठवा. गीतेत विश्वरूप बघून अर्जुन ‘विस्मयाविष्ट’ होतो, अंगावर काटा येतो, आणि अगदी शेवटी संजय म्हणतो की ते रूप आठवून आठवून मला मोठा विस्मय होतो आणि मी पुन्हा पुन्हा हर्षित होतो. विस्मय आणि हर्ष तिथे एका श्लोकात आहेत.

डॉक्टरी बाजूही बघा. गियोम द्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन फोटो काढले आणि १८६२ मध्ये ते छापले. त्याचं म्हणणं असं की ओठांच्या कडा वर ओढणारा गालाचा स्नायू आपल्या हुकमात असतो, पाहिजे तेव्हा ओढता येतो, पण डोळ्याभोवतीचा गोल स्नायू खऱ्या आनंदाशिवाय तसा हलत नाही. डार्विनने १८७२ मधल्या त्याच्या भावनांवरच्या पुस्तकात हेच फोटो वापरले. आज डोळ्यांपर्यंत पोचलेल्या हसण्याला द्युशेन स्माईल म्हणतात. ह्यावर नंतर हरकतीही आल्या, काही माणसं डोळ्यांचा स्नायूसुद्धा मुद्दाम हलवू शकतात, आणि नुसतं जोरात हसलं तरी डोळ्यांशी सुरकुत्या पडतात, तेव्हा खरंखोटं ओळखायचं मशीन म्हणून ते वापरू नये. पण गाल आणि डोळे हे द्युशेनच्या कितीतरी आधी नाट्यशास्त्रात लिहिलेलं होतं, ओठांवर कोणी भिस्त ठेवली नव्हती.

आणि इथे त्या पिवळ्या तोंडाची गोची कळते. त्याला गाल नाहीत. डोळे म्हणजे दोन ठिपके, ते काय खुलणार. फक्त ओठांची कड वर. म्हणजे स्मिताच्या व्याख्येतलं दात न दिसणं तेवढं आहे आणि बाकीचं काहीच नाही. पोरांना ते खोटं वाटतं ह्यात पोरांचं फार चुकत नाही.

एवढंच नाही, त्यांच्या बाजूने संस्कृतही आहे. ‘स्मि’पासूनच ‘स्मय’ असा शब्द होतो आणि त्याचा एक अर्थ गर्व, ताठा. भर्तृहरीचा श्लोक आहे, ‘बोद्धारो मत्सरग्रस्ताः प्रभवः स्मयदूषिताः’, जाणकारांना मत्सराने ग्रासलंय आणि सत्तावाले स्मयाने बिघडलेत, मग चांगलं बोललेलं आतल्या आत जिरून जातं. आपल्याला सगळं कळतं, समोरच्याला काही कळत नाही, अशा वेळी ओठाच्या एका कोपऱ्यात जे येतं ते हे. इंग्रजीत त्याला स्मर्क म्हणतात, तो शब्दही बहुधा ह्याच धातूचा. कुठलीही ऑफिसातली मीटिंग आठवा.

मग बोलायचं काय?

स्मित हा शब्द बोलण्यात नाही म्हणून मराठी काही अडलेली नाही. गालातल्या गालात हसणे आहे, मिशीत हसणे आहे (मिशी नसली तरी चालतं), खुदकन हसणे, फिदीफिदी हसणे, खिदळणे, छद्मी हसणे, कुत्सित हसणे, दात विचकणे, नुसतं हसू फुटणे. स्मय ज्याला म्हणायचं ते ‘छद्मी’ आणि ‘कुत्सित’ भागवतात, स्मित ज्याला म्हणायचं ते ‘गालातल्या गालात’, आणि बघा बोली भाषेनेही गालच धरला, ओठ नाही. लॅटिनवाल्यांचीही हीच अडचण झाली होती. त्यांचा ‘स्मि’ आश्चर्याच्या खात्यात निघून गेला, हसण्याला ‘रिदेरे’ उरलं, मग मंद हसण्यासाठी त्यांनी ‘सुब्रिदेरे’ असं जुळवलं, सुब म्हणजे खाली, खालच्या पट्टीतलं हसणं. पोर्तुगीज ‘सोरिर’ त्यातूनच आलं.

‘स्मितहास्य’ हा शब्द मात्र मला कधी पटलेला नाही. भरतमुनींच्या यादीत स्मित हा हास्याचाच प्रकार आहे, मग परत हास्य जोडायचं कशाला, पण पेपरवाल्यांना तो फार आवडतो, आता रुळला तो रुळला.

राहता राहिला फोटोचा प्रश्न. पासपोर्टच्या फोटोत हसू नका म्हणतात त्याचं कारण असं की विमानतळावरचं मशीन चेहऱ्यातली अंतरं मोजतं, डोळे, नाक, तोंडाच्या कडा, आणि हसलं की ती सगळी सरकतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा नियम आहे, चेहरा भावरहित, तोंड मिटलेलं. गोव्यात पासपोर्ट म्हटलं की कुठल्या देशाचा (भारताचा की पोर्तुगालचा) हा पहिला प्रश्न, पण ह्या बाबतीत बहुतेक देश सारखेच. ‘चीज’ म्हणायला लावणारा फोटोग्राफर ह्याच्या बरोबर उलटं करतो. ‘ची’ म्हणताना तोंड आडवं ताणलं जातं आणि वरचे दात बाहेर येतात, म्हणजे त्याला मिळतं ते हसित, स्मित नव्हे, आणि गाल तर ‘ची’ म्हणून वर येतच नाहीत. त्यापेक्षा ‘बाब, मात्शें हांस’ म्हणून मागून कोणीतरी काहीतरी वात्रट बोललेलं बरं, फोटो हलला तर हलला.